अंतऱ्याच्या अलीकडे

अप्पांकडे पाच स्पूल टेपरेकॉर्डर आहेत आणि त्यांतला एकही वाजत नाही. बिघडलेत म्हणून नव्हे. पाचांतले तीन घरात आले त्या दिवशी खणखणीत वाजत होते. त्यांतला एक तर पुण्याच्या जुन्या बाजारातला. विकणाऱ्याने शेजारच्या टपरीतून वायर ओढून भर रस्त्यात वाजवून दाखवला होता. अप्पांनी ऐकलं, मान हलवली, पैसे मोजले. रिक्षाच्या सीटवर मशीन नीट बसवलं, स्वतः कडेला अंग चोरून बसले, आणि घरी आल्यावर चहा घेण्याआधी त्याचं मागचं झाकण काढलं.

"अप्पा, चालतं मशीन उघडलंत कशाला?" मी विचारलं.

"चालतंय तोवरच उघडायचं असतं," अप्पा म्हणाले. "बंद पडल्यावर काय, कोणीही उघडतं."

उघडायचं ते कंडेन्सर बदलायला. अप्पांच्या मते जगातल्या सगळ्या जुन्या यंत्रांना एकच आजार असतो आणि त्यावर उताराही एकच. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर लोक चारधामला जातात, अप्पा पासोड्या विठोबाला गेले. देवळात नव्हे, देवळाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची जी दुकानं आहेत तिथे. तेव्हापासून त्यांच्या शर्टाला राळेचा वास आहे, उजव्या अंगठ्यावर सोल्डरिंगचा कायमचा चट्टा आहे आणि बोलण्यात मायक्रोफॅरड आहेत.

आपल्याला कंडेन्सर म्हटलं की पंखा आठवतो. पंखा मंदावला की अडीच मायक्रोफॅरडची डबी बदलायची, पंखा पळायला लागतो. सोसायटीतले लोक पूर्वी या कामाला अप्पांना बोलवत. अप्पा लगेच येत, स्टुलावर चढत आणि वरूनच सुरुवात करत. "हा कंडेन्सर म्हणजे बालवाडी. आत प्लॅस्टिकची फिल्म, वाळायला काही नाहीच. खरं दुखणं इलेक्ट्रोलिटिकचं. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मधे रसायनात भिजवलेला कागद, सगळ्याची गुंडाळी करून डबीत कोंबलेली आणि खाली रबरी बूच. त्या बुचातून ओल वर्षानुवर्षं बाहेर पडते. कुणाला दिसत नाही, आवाज नाही, वास नाही. आणि मशीन माळ्यावर पडून राहिलं तर आणखी वाईट. पट्टीवर ऑक्साइडचा जो पातळ थर असतो ना, तो विजेवाचून विरतो." खाली घामाघूम झालेलं कुटुंब माना वर करून ऐकत असे. एका मे महिन्यात एका आजोबांनी "अप्पा, आधी पंखा, मग ऑक्साइड" असं म्हटलं, तेव्हापासून अप्पा पंख्यांच्या वाटेला जात नाहीत आणि लोकही त्यांना बोलवत नाहीत.

स्पूलवाल्यांचा मात्र त्यांच्याकडे राबता असतो. ही मशीनं पुण्या-मुंबईच्या, सांगली-कोल्हापूरच्या ज्या घरांत होती ती घरंच वेगळी. साठच्या दशकात कोणी जर्मनीहून येताना ग्रुंडिग आणला, कोणी बोटीवरच्या मित्राकडून मागवला. नातेवाइकांचे आवाज भरून झाले, लहान मुलाचं रडणं भरून झालं, आणि मग घरच्या बैठकीतलं गाणं भरण्याचा नाद लागला. टेप महाग. सात इंचांच्या, बाराशे फुटांच्या स्पूलवर सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरच्या वेगाने एका बाजूला तासाभराचंच गाणं मावतं. मग निम्म्या वेगाने भरून दोन तास मावायचे. आवाज थोडा खाली गेला तरी चालेल, भैरवी राहता कामा नये, हा हिशेब. ते गृहस्थ गेले, मशीन माळ्यावर गेलं, आणि आता त्यांची मुलं पुठ्ठ्याच्या खोक्यांतली स्पूलं घेऊन अप्पांच्या दारात उभी असतात. "बाबांचं रेकॉर्डिंग आहे. एकदा ऐकायचंय."

"ऐकू ना," अप्पा म्हणतात. "आधी कंडेन्सर बदलू."

इथून पुढे काळ थांबतो.

माळ्यावरून उतरलेल्या मशीनची पिन भिंतीत खुपसणं हा अप्पांच्या लेखी गुन्हा आहे. अशा मशीनला ते आधी डिमरस्टॅटवर घेतात. चाळीस व्होल्ट, थांबा. ऐंशी, थांबा. विरलेला थर हळूहळू परत बसतो म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण इतकं जपून, दोन दिवस थांबून, मशीन 230 व्होल्टवर सुखरूप पोचलं की अप्पा ते बंद करतात आणि ज्यांचा थर नीट बसवला ते सगळे कंडेन्सर कापून काढतात.

काढलेला प्रत्येक कंडेन्सर मीटरवर चढतो. ही तपासणी बघण्यासारखी असते. समजा, अंगावर शंभर मायक्रोफॅरड लिहिलंय आणि मीटर साठ दाखवतंय. "वाळला," अप्पा म्हणतात. ठीक. समजा मीटरने एकशेतीस दाखवलं. "गळतोय. गळका कंडेन्सर मीटरला फसवतो, जास्तच दाखवतो." हेही शास्त्राला धरून आहे. पण मीटरने बरोबर शंभर दाखवले तर? एकदा एका 1968 सालच्या जर्मन कंडेन्सरने तसे दाखवले. अप्पा अस्वस्थ झाले. ईएसआर मीटर काढलं. आतला रोध वाढलाय का बघितलं. वाढला नव्हता. गळती बघितली, नव्हती. पन्नासहून अधिक वर्षं नोकरी करून कंडेन्सर निर्दोष बाहेर पडत होता. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आज बरा आहे," ते म्हणाले. "उद्याचं काय?"

आणि तोही श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गेला. असे डबे काकूंच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात ओळीने आहेत. 'ग्रुंडिग टीके, काढलेले.' 'रीव्हॉक्स, काढलेले.' 'संशयित.' खरं श्रीखंड आणलं की काकू ते पातेल्यात काढून ठेवतात, कारण डबा रिकामा व्हायची अप्पा वाट बघत नाहीत.

आता यात अप्पांचं सगळंच वेड आहे असं म्हणायची सोय नाही, हीच पंचाईत आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या ग्रुंडिगमधे दोन टप्प्यांना जोडणारा एखादा मेणकागदी कंडेन्सर असतो. त्याने गळती सुरू केली की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो पॉझिटिव्ह दाब जातो, व्हॉल्व्ह भलता करंट खेचत सुटतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. बाहेरून आपल्याला फक्त आवाज थोडा फाटल्यासारखा वाटत असतो. काही रुपयांच्या तुकड्यापायी कुठेही न मिळणारा ट्रान्सफॉर्मर जातो. हा कंडेन्सर अप्पांनी वेळीच बदलला म्हणून तीन तरी मशीनं वाचली असतील. पण अप्पा तो नुसता बदलत नाहीत. जुन्याची नळी ड्रिलने पोखरून आतली लगद्याची वात बाहेर काढतात, नवा पिवळा फिल्म कंडेन्सर तिच्यात सरकवतात आणि दोन्ही तोंडं दिवाळीच्या मेणपणत्या वितळवून बंद करतात. बाहेरून बघणाऱ्याला तोच जुना तपकिरी कंडेन्सर. बघणारा कोण, तर कोणी नाही. वर सहा स्क्रूंचं झाकण.

"मग हा खटाटोप कशासाठी?"

"पुढे कोणी उघडलं तर काय म्हणेल?"

पुढे उघडणारेही अप्पाच असतात.

रीव्हॉक्सचा किस्सा आमच्या सोसायटीत अजून सांगतात. ए77 हे 1967 साली निघालेलं स्वित्झर्लंडचं मशीन. स्टूडर कंपनीचं, तीन मोटरींचं, उचलताना कंबर धरणारं. एका डॉक्टरांनी ते अप्पांकडे दिलं. या मशीनच्या मेन्सवर रिफा नावाचा एक कागदी कंडेन्सर थेट 230 व्होल्टवर बसलेला असतो. अंगावरचं पारदर्शक कवच वयाने तडकतं, तड्यांतून दमट हवा आत शिरते आणि एक दिवस तो पेटतो. अप्पांना हे पाठ होतं. पण त्या दिवशी डॉक्टर स्वतः आले होते. अप्पा बॅटरी शोधायला आत गेले आणि डॉक्टरांनी उत्साहाने पिन लावली. दहा मिनिटं छान गेली. मग फट्‌ असा आवाज झाला आणि मशीनमधून पांढरा धूर आणि असा काही वास आला, की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी स्वतःचा गॅस बंद केला. डॉक्टर जिन्यात. कोणीतरी वाळूची बादली घेऊन आलं. काकूंनी मेन स्विच पाडला. आणि धुरातून अप्पा बाहेर आले, चेहऱ्यावर असा आनंद, की पत्रिका जुळल्याचं कळावं.

"रिफाच!" ते म्हणाले. "सांगत नव्हतो?"

विशेष म्हणजे धूर निघत असताना, काकूंनी स्विच पाडेपर्यंत, मशीन वाजतच होतं. तो कंडेन्सर नुसता बाहेरचा खरखराट गाळायला असतो. तो गेला म्हणून गाणं थांबत नाही. स्विस माणसांच्या या संयमाबद्दल अप्पा जिन्यात जमलेल्या मंडळींना बराच वेळ सांगत होते. वाळूची बादली धरून उभा असलेला माणूस शेवटी बादली ठेवून बसला.

अप्पांना एक प्रतिस्पर्धी आहे. बुधवारात एका बोळात बसणारा जुना रेडिओवाला. त्याचं तत्त्व एका वाक्याचं: "वाजतंय ना? मग झाकण लाव." दोघं एकमेकांकडे गिऱ्हाइकं पाठवतात, पण ती अपमान म्हणून. रेडिओवाल्याचं म्हणणं असं, की अप्पा घाऊक बदलतात. स्टायरोफ्लेक्सचे कंडेन्सर सहसा बिघडत नाहीत, ते कशाला काढायचे? जुन्या पट्टीवर गरम लोखंड टेकवत राहिलं तर तांब्याची रेघ उचलून येते. शिवाय एकेक बदलून दर वेळी वाजवून बघावं. चाळीस एकदम बदलले आणि मशीन मुकं झालं, तर चूक चाळीसांतल्या कुठल्या टाक्यात आहे हे कोण शोधणार? एखादा उलटा बसला, प्लसच्या जागी मायनस, तर तो फुटून स्वतःच जागा दाखवतो, तेवढीच सोय. माझं मत विचाराल तर रेडिओवाला बारा आणे बरोबर आहे. उरलेल्या चार आण्यांत त्याच्याकडे परत आलेली, जळक्या ट्रान्सफॉर्मरची मशीनं आहेत. ती तो गुपचूप अप्पांकडे पाठवतो.

खरेदीत मात्र अप्पांचा हात धरणारा कोणी नाही. पासोड्या विठोबाजवळचा दुकानदार त्यांना बघूनच वरच्या फळीकडे वळतो. "एकशेपाच डिग्रीवालाच हवा," अप्पा सांगतात. "पंचाऐंशी डिग्रीचा नको." कधी मनासारखा माल नसला की डेक्कन क्वीन पकडून लॅमिंग्टन रोड. तिथेही विकत घेतलेला प्रत्येक कंडेन्सर तळहातावर तोलून बघायचा, कारण मोठ्या डबीत छोटी डबी घालून विकणारे महाभाग असतात. मला एकदा त्यांनी या एकशेपाच डिग्रीचं गणित समजावलं. अशा कंडेन्सरवर समजा दोन हजार तास लिहिलेत. ते एकशेपाच तापमानाला. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, असा ठोकताळा. मशीनमधे पंचेचाळीस अंश धरा. म्हणजे सहा वेळा दुप्पट. एक लाख अठ्ठावीस हजार तास.

"रोज एक तास लावलं तर साडेतीनशे वर्षं," अप्पा म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला, "रोज किती मिनिटं लावता ते पण सांगा."

दोन. फार तर अडीच. याचा उलगडा मला उशिरा झाला. अप्पांचं गाणं ऐकणं म्हणजे चाचणी. स्पूल लावायचं, बटण दाबायचं, कान लावायचा. तानपुरे जुळतायत, तबलजी हातोडीने ठोकतोय, कोणीतरी खोकतंय, बाईंनी सा लावलाय, आणि विलंबित ख्यालाचा मुखडा समेवर येतो न येतो तोच अप्पा बटण बंद करतात. "डाव्या चॅनेलला किंचित सळसळ आहे." झाकण निघतं. असं कैक वर्षं चाललंय. परिणामी तानपुरा या विषयात अप्पांइतका जाणकार पुण्यात मिळणं कठीण. कुणाचा जोड कसा लागायचा, कोण तबला लावायला किती वेळ घ्यायचं, कुठल्या बैठकीत पहिल्या रांगेतल्या माणसाला दमा होता, सगळं मुखोद्गत. अंतरा मात्र त्यांनी एकही ऐकलेला नाही. द्रुत नावाचा काही प्रकार असतो हे त्यांना तत्त्वतः मान्य आहे.

मधे पुतण्याने अमेरिकेहून एक मशीन पाठवलं. तिथली वीज साठ सायकलची, आपली पन्नासची; मोटर त्या चालीवर फिरते, त्यामुळे इथे वेग सहाव्या हिश्श्याने पडला. काळी चारमधे गाणाऱ्या बाई पांढरी चारच्याही जरा खाली उतरल्या. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "हे बुवा कोण?" दोष सायकलचा आहे हे अप्पांनी पहिल्या मिनिटात ओळखलं होतं. तरी त्यांनी आधी मोटरचा कंडेन्सर बदलला. "तो कसाही बदलायचाच होता."

पण खरा संग्राम झाला तो काकूंच्या स्पूलवरून. काकूंचं माहेर सांगलीचं. त्यांच्या वडिलांनी घरी एका बाईंची बैठक केली होती, मारवा, 1968. खोक्यावर वडिलांच्या अक्षरात तसं लिहिलेलं आहे. रेकॉर्डिंगही वडिलांच्याच मशीनवर झालेलं. बैठकीच्या वेळी काकू शाळेत होत्या. दाराशी बसून ऐकत होत्या आणि अंतऱ्याच्या आधी त्यांना झोप लागली होती. "तेवढा अंतरा ऐकवा," एवढीच त्यांची मागणी. अप्पांनी ग्रुंडिगवर स्पूल लावलं, दोन मिनिटांनी बंद केलं. "हमिंग आहे. फिल्टरचे कंडेन्सर गेले."

"हमिंग कसलं? तो तानपुरा आहे."

आता यात काकूंचंही चूक नव्हतं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. मशीनमधे ती सरळ करताना त्याचे शंभर उंचवटे होतात आणि ते भरून सपाट करणं हे फिल्टर कंडेन्सरचं काम. तो वाळला की उंचवटे तसेच स्पीकरपर्यंत येतात आणि घूं असा शंभराचा सूर लागतो. खर्जातली पांढरी पाच अठ्ठ्याण्णवची. आणि त्या बाईंची पट्टी होती नेमकी पांढरी पाच. सगळं महावितरण त्यांच्या मागे सा धरून बसलं होतं.

"किंचित चढा आहे," अप्पा म्हणाले. "अठ्ठ्याण्णव नाही, शंभर आहे. तानपुरा असा चढा लागला असता तर बाई उठून गेल्या असत्या."

फिल्टरचे कंडेन्सर बदलले. काकूंनी ऐकलं. "तानपुरा बारीक झाला," त्या म्हणाल्या. अप्पांना मात्र अजून घूं ऐकू येत होतंच. मग उरलेलेही बदलले. डबे भरले. श्रीखंड दोनदा आणलं गेलं. कोरी टेप लावली की मशीन इतकं गप्प, की आतली मोटर ऐकू यावी. सांगलीचं स्पूल लावलं की पुन्हा घूं.

परवा रविवारी मी गेलो होतो. ग्रुंडिग टेबलावर, झाकण चक्क लावलेलं, हिरवा डोळा लुकलुकत होता. स्पूल फिरायला लागलं. तानपुरे, तबला, खोकला, सा. मुखडा समेवर आला आणि अप्पांचा हात सवयीने बटणाकडे गेला. काकूंनी लाटणं वर केलं. "हात लावून तर बघा."

अप्पांनी हात मागे घेतला. गाणं पुढे गेलं. आलाप वाढत गेला आणि अंतरा आला. काकू लाटणं मांडीवर ठेवून बसल्या. अप्पाही ऐकत होते, अगदी एकाग्र, डोळे मिटून, मान किंचित कलती. अंतऱ्याचा तो वरचा सा लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता दाद देणार.

"हमिंग टेपमधे आहे!" ते म्हणाले. "आपल्या मशीनचा काही दोष नाही. रेकॉर्डिंग झालं तेव्हाच भरलं गेलंय. म्हणजे त्या वेळी तुझ्या वडिलांच्या मशीनचे फिल्टर गेलेले होते."

"मग आता काय करणार? झालं ते झालं."

"झालं कसं? ते मशीन कुठे आहे?"

"सांगलीला. माळ्यावर."

अप्पा उठले. हातपिशवीत मीटर, डिमरस्टॅट, सोल्डरिंगची बंदूक आणि दोन रिकामे डबे भरायला लागले. आता ते कंडेन्सर बदलून 1968च्या गाण्यात काय फरक पडणार, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. "स्वारगेटवरून सांगलीची पहिली गाडी किती वाजता असते रे?" त्यांनी मला विचारलं.

काकू तोवर फोनवर होत्या. "दादा, मी बोलतेय. हे उद्या येतायत. नाही, मी नाही, एकटेच. ऐक, बाबांचा रेडिओ, मिक्सर, पाण्याचा पंप, जे जे म्हणून चालू आहे ते आज रात्रीच शेजारी नेऊन ठेव."